हरणाच्या दगडापलीकडे

१

असं समजा, तुम्ही घोड्यावर बसला आहात. घोडा ठेंगणा आहे, केसाळ आहे, आणि त्याला वाट तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पुढच्या घोड्यावर आजोबा. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, खाली गोठलेली नदी, आणि वारा असा की बोलायला तोंड उघडलं तरी दात गार पडतात. आजोबा मात्र बोलत असतात.

"काल दूल्गवर बर्फ पडलं असणार," ते म्हणतात.

दूल्ग म्हणजे शिरस्त्राण. या मुलखातला तो सगळ्यांत उंच डोंगर, पण इथून दिसत नाही. मधे दुसऱ्या डोंगराचा खांदा आडवा आलेला आहे. मग वाट वळते. वळणावर एक काळा, ओबडधोबड कडा आहे आणि त्यावर हातभर लांबीचं हरीण कोरलेलं आहे. मान वर केलेली, शिंगं पाठीवर लाटांसारखी मागे गेलेली. कोणी कोरलं, कशासाठी, कोणालाच माहीत नाही. आपल्या आठवणीतल्या कुठल्याही माणसाच्या फार फार आधी कोणीतरी इथे बसून दगडानं दगड टोचत राहिलं, एवढं खरं.

आजोबा घोड्यावरून उतरतात, वाटीतलं दूध बोटांनी शिंपडतात. तुम्ही मान वर करता, आणि समोर एकदम तो पांढरा डोंगर उभा. तुम्ही म्हणता, "आजोबा, दू—"

आजोबा तुमच्या ओठांवर बोट ठेवतात.

"इथून पुढे नाव नाही. तो समोर आहे ना? समोर नाव घेतलं की तो वळून बघतो, आणि त्याची नजर माणसाला सोसत नाही. आता खैरखान म्हणायचं." खैरखान म्हणजे दयाळू.

डोंगर आड गेला की पुन्हा दूल्ग. दिसला की खैरखान. त्या खोऱ्यातल्या मुलांना हे चालायला शिकतानाच कळतं.

आता घोड्यावरून उतरा. कारण मार्च महिन्यातल्या एका सकाळी तुंगा नावाची मुलगी याच वळणावर धावत आली, तिच्या आजोबांना शोधायला. गोंचिग आजोबा आदल्या दुपारी दूध घेऊन इकडे आले होते आणि परतले नव्हते. ते कड्याखाली पडलेले होते. अंगावर ताजं बर्फ होतं.

आणि कड्यावर हरीण नव्हतं.

२

तालुक्याच्या गावाहून फौजदार देलगेर आली ती आधी कड्यापाशी गेली, मग घरच्यांकडे.

देलगेर चाळिशीची होती, गालांवर थंडीचे लाल चट्टे. तिच्या खिशात नेहमी आरूल असायचे, म्हणजे दगडासारखे कडक, सुकवलेल्या दह्याचे तुकडे. चौकशीला बसली की एक तुकडा गालात धरायची. "तोंड भरलेलं असलं की मी मधे बोलत नाही," ती सांगायची, "आणि मी गप्प बसले की समोरच्याला करमत नाही."

तिनं पाहिलं होतं ते एवढं. आजोबांचं डोकं मागून फुटलेलं होतं. देहाखालची खडी कोरडी होती, म्हणजे बर्फ सुरू होण्याआधीच ते पडले, आदल्या दुपारी. कड्याचा एक पापुद्रा हरणासकट फोडून नेलेला होता. आणि खाली एक पहार पडली होती, मुठीला निळं फडकं गुंडाळलेली. ती पहार अख्खं खोरं ओळखत होतं.

"माझीच आहे," ओचिर म्हणाला. तो तुंगाचा बाप, आजोबांचा एकुलता मुलगा. नमद्याच्या गोल गेरमध्ये तो चुलीशेजारी बसला होता, हातातला चहा निवला होता. "नदीवर बर्फ फोडायची पहार. पाण्याच्या भोकापाशीच पडलेली असते. कोणीही उचलावी."

"परवा तुमचं वडिलांशी भांडण झालं."

"झालं."

देलगेरनं आरूल एका गालातून दुसऱ्या गालात नेला. ओचिरनं निवलेला चहा खाली ठेवला.

"दोन हिवाळे इथे गवत नाही. मी म्हणत होतो, तळ हलवू या, खालच्या खोऱ्यात जाऊ. ते म्हणायचे, दगडांना सोडून कसा येऊ. मी म्हणालो, तुमच्या दगडांनी एक बकरी तरी दिलीय का आपल्याला. म्हणालो, एक दिवस पहार घेऊन जातो आणि फोडून टाकतो सगळे."

"कोणी ऐकलं?"

"ओरडलोच होतो. बकऱ्यांनीसुद्धा ऐकलं असेल."

"आणि काल दुपारी?"

"कळपामागे होतो. एकटा. कळपामागे आणखी कोण असतं, ताई?"

देलगेरनं जिल्ह्याला कळवलं. दुसऱ्या दिवशी ओचिरला न्यायला गाडी येणार होती.

तुंगा दाराशी गोवऱ्यांची टोपली धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. देलगेर बाहेर निघाली तशी तिनं विचारलं, "बाबा परत कधी येतील?"

देलगेर मुलांशी खोटं बोलत नसे. "त्यांनीच केलं असं ठरलं, तर तू मोठी झाल्यावर."

"त्यांनी नाही केलं."

"मग कोणी केलं ते मला उद्याच्या आत कळायला हवं," देलगेर म्हणाली. "तुला काही आठवलं तर सांग. लहानसं असलं तरी."

३

दगडांची किंमत कळणारा माणूस त्या खोऱ्यात एकच होता: राजधानीहून आलेले ज़ान्दान गुरुजी. दोन उन्हाळे आणि हा हिवाळा ते गोंचिग आजोबांबरोबर डोंगर पालथे घालत होते. देलगेरनं त्यांना शाळेतून आणवलं. ते आले आणि फुटलेल्या कड्यासमोर हातमोजे काढून उभे राहिले, जसे लोक मयतासमोर उभे राहतात.

"काल कुठे होतात, गुरुजी?"

"शाळेत. मुलांना कोरीव चित्रांचे ठसे घ्यायला शिकवत होतो. शाईनं माखलेली पोरं आहेत अजून, विचारा त्यांना."

"हा पापुद्रा विकला जाईल का?"

"जाईल. लांबचे लोक घेतात, न विचारता घेतात. मी सगळ्यांना सांगत आलो, विकू नका, विकू नका. त्यातूनच लोकांना कळलं असेल की विकता येतं." त्यांनी डोळे पुसले. "पण घेणाऱ्याच्या भिंतीवर हे नुसतं हरीण आहे. ते इथेच का आहे, हे त्याला कधी कळणार नाही."

देलगेर गप्प राहिली. गुरुजींना करमलं नाही.

"खाली नदीकाठी बघा, कसे गुळगुळीत खडक आहेत. पाटीसारखे. त्यांच्यावर एक रेघ नाही. आणि हा असला खडबडीत कडा निवडला. का? मी वर्षभर डोकं खाजवलं. मग एकदा गोंचिगबाबांबरोबर चालताना माझ्या लक्षात आलं, कोरलेला दगड आला की बाबा शब्द बदलतात. दगडाअलीकडे एक नाव, पलीकडे दुसरं. मी म्हटलं, बाबा, दगड बघून बदलता का? ते हसले. म्हणाले, दगड कशाला बघू, मी त्याला बघतो." गुरुजींनी समोरच्या पांढऱ्या शिखराकडे हनुवटीनं खूण केली. नाव त्यांनीही घेतलं नाही. "मग आम्ही दोघं हिंडलो. जिथे जिथे वाटेवरून तो पहिल्यांदा नजरेला येतो, तिथे तिथे कोरीव चित्र आहे. हरणांची तोंडं त्याच्याकडेच. जिथून तो दिसत नाही तिथे काही नाही. ज्यांनी कोरलं तेही कदाचित इथे येऊन आवाज खाली करत असतील."

"सगळीकडे हिंडलात?"

"उत्तरेच्या खिंडीपासून शार-उसच्या विहिरीपर्यंत."

देलगेरनं मान डोलावली. त्या वेळी तिला त्यात एका म्हाताऱ्याच्या आठवणीपलीकडे काही दिसलं नाही.

४

दुपारी एक ट्रक तळावर येऊन थांबला होता, लोकरीच्या पोत्यांनी भरलेला. तो लुंदेगचा. लुंदेग म्हणजे तुंगाच्या आईचा, सोलोंगोचा, धाकटा भाऊ. गावोगावची लोकर गोळा करून व्यापाऱ्यांना पोचवायची, हे त्याचं काम. आला की तुंगाच्या खिशात गोळ्या कोंबायचा, बकऱ्यांची नक्कल करायचा. आज मात्र त्यानं बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून रडून घेतलं होतं.

"बसा लुंदेगदादा," देलगेर म्हणाली. "काल कुठे होतात?"

"शार-उसला, विहिरीपाशी. चाक फुटलं. रात्र ट्रकमध्येच काढली, सकाळी निघालो. इथे पोचलो तर हे."

शार-उस म्हणजे दक्षिणेच्या रांगेपलीकडे, ट्रकनं अर्ध्या दिवसाची वाट.

"कोणी होतं तिथे?"

"मार्चमध्ये? कावळा होता एक. पण मी टेकडीवर चढून इथे फोन केला होता. तुंगानंच उचलला. सांगितलं तिला, अडकलोय, उद्या दूल्गच्या पायथ्याला माल टाकतो आणि येतो. विचारा पोरीला."

ते खरंच असणार, देलगेरला वाटलं. अख्ख्या खोऱ्याला टॉवर एकच, त्यावरून कोण कुठून बोललं ते कळत नाही; पण खोटं सांगायचं तर माणूस साक्षीदाराचं नाव कशाला देईल?

"तुम्हाला कोणाचा संशय येतो?"

लुंदेगनं खांदे उडवले. "भावजींचा यावा असं मला वाटत नाही. माझ्या ताईचं काय होईल? पण पहार तर त्यांचीच." मग तो कडवट हसला. "म्हातारबाबा म्हणायचे, दूल्गला डोळे आहेत, कान आहेत. मी नाही मानत असलं. पण असतील तर त्यानं काल पाहिलंच असेल ना सगळं? त्यालाच बोलवा साक्षीला, ताई. मेंढरांपेक्षा बरा."

५

"मामाचा फोन आला होता ना काल?" देलगेरनं तुंगाला विचारलं.

संध्याकाळ होत आली होती. सोलोंगो चुलीवर दुधाचा चहा ढवळत होती, पळीनं उंच उचलून पुन्हा ओतत होती. ओचिर भिंतीशी बसला होता, हातात बेड्या.

"आला होता."

"जसंच्या तसं सांगशील? शाळेत कविता म्हणतेस तसं."

तुंगानं डोळे मिटले. "'तुंगा का गं? आईला सांग, मी शार-उसला अडकलोय, चाक फुटलंय. उद्या खैरखानच्या पायथ्याला माल टाकतो आणि येतो.' मग म्हणाला, 'आजोबा काय करतायत?' मी म्हटलं, गुडघा दुखतोय, आज दगडाकडे नाही जाणार. 'बरं,' म्हणाला. ठेवला." तिनं डोळे उघडले. "पण नंतर आजोबा गेलेच. मी गोवऱ्या आणायला गेले होते तेव्हा."

देलगेरचं चघळणं थांबलं होतं.

"काय म्हणाला? कशाच्या पायथ्याला?"

पळीही थांबली होती. त्या घरात उत्तर आधी सोलोंगोला कळलं. तिचा जन्म याच खोऱ्यातला.

"दूल्ग म्हणाला असेल," ती पाठमोरीच म्हणाली. "पोर आहे. नीट आठव तुंगा. मामा दूल्ग म्हणाला ना?"

तुंगानं आईच्या पाठीकडे पाहिलं. आई वळली नाही. चहा वर आला, काठावरून उतू गेला, चुलीत चुरचुरला, तरी आईनं पातेलं उचललं नाही. आणि तेव्हा तुंगाला कळलं की आई विचारत नाहीये, मागतेय. एका बाजूला बाबांच्या हातातल्या बेड्या होत्या. दुसऱ्या बाजूला मामाच्या मागच्या खेपेच्या गोळ्या, अजून खिशातच होत्या.

ओचिरनं मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला जड जाऊ नये म्हणून.

"खैरखान," तुंगा म्हणाली. "मामा खैरखान म्हणाला, आई."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी देलगेर सगळ्यांना कड्याकडे घेऊन निघाली. ओचिर, सोलोंगो, गुरुजी, तुंगा. लुंदेगला म्हणाली, "तुम्हीही चला दादा. फोडलेल्या जागेचं माप घ्यायला धडधाकट माणूस हवा."

वाटेत ती लुंदेगशी गवताबद्दल बोलली, लोकरीबद्दल बोलली. "मग तुमचा माल राहिलाच म्हणायचा. कुठे टाकायचा होता?"

"दूल्गच्या पायथ्याला. तिथे व्यापाऱ्याचं कोठार आहे."

"आज जाता येईल?"

"बघू वर गेल्यावर."

वाट वळली. कड्याच्या काळ्या अंगावर फिकट जखम होती, जिथे हरीण होतं तिथे. समोर शिखर उभं होतं, वरच्या अर्ध्या भागाला ढगानं गिळलेलं.

"आता सांगा, जाता येईल?"

लुंदेगनं कपाळावर हात धरला. "छे. खैरखाननं टोपी घातलीय. वर बर्फ पडतंय. आज नाही."

देलगेर त्याच्याकडे वळली.

"तुम्ही तर मानत नाही हे," देलगेर म्हणाली.

"काय?"

"खाली दूल्ग म्हणालात. काल माझ्यासमोर, गेरमध्ये, दूल्ग म्हणालात. इथे आल्यावर खैरखान."

"सवय आहे. जीभ वळते आपोआप."

"माझीही वळते. सगळ्यांची वळते. डोंगर दिसला की वळते, आड गेला की परत येते. मानलं न मानलं तरी." तिनं गुरुजींकडे पाहिलं. "गुरुजी, शार-उसच्या टेकडीवरून हा दिसतो का?"

गुरुजींचा चेहरा हळूहळू उतरला. "नाही. मधे दक्षिणेची रांग आहे. म्हणून तर तिथे एकही कोरीव दगड नाही. मी आणि बाबांनी सगळं शोधलं होतं."

"परवा फोनवर तुम्ही पोरीला सांगितलंत, खैरखानच्या पायथ्याला माल टाकतो. शार-उसला असता तर जिभेवर दूल्ग आला असता, दादा. फोन करताना हा तुमच्या समोर होता. तुमच्या एका हातात फोन होता आणि ओचिरदादांची पहार कदाचित दुसऱ्या हातात."

लुंदेग हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "एक शब्द. तोही एका पोरीनं ऐकलेला."

"बरोबर. एका शब्दावर कोणाला नेत नाहीत. म्हणून आता खाली जाऊन ट्रकमधली पोती उतरवू या. कालच उतरवायला हवी होती. शार-उसहून आलेली गाडी, आणि मयताच्या घरचा माणूस, म्हणून मी हात लावला नाही. ते माझं चुकलं."

लुंदेगनं खाली तळाकडे पाहिलं, जिथे त्याचा ट्रक खेळण्याएवढा दिसत होता. मग तो खडीवर बसला.

"मला फक्त दगड हवा होता," तो म्हणाला. "ते येणार नव्हते. म्हणून तर फोन करून विचारलं. हिनंच सांगितलं, आजोबा येणार नाहीत."

तुंगानं खालचा ओठ दातांत धरला.

"तिच्याकडे बघू नकोस," ओचिर म्हणाला. "माझ्याकडे बघून बोल."

"दगड सुटत आला होता, तेवढ्यात ते आले. काही ओरडले नाहीत, भावजी. नुसते पहारीला लोंबकळले. मी हिसडा दिला. ते मागे गेले, दगडावर डोकं आपटलं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मारायचं नव्हतं."

"लगेच गेले?" देलगेरनं विचारलं.

लुंदेग खडी चिवडत राहिला. सोलोंगो त्या सकाळी पहिल्यांदाच बोलली.

"लगेच गेले का, लुंदेग?"

"श्वास चालू होता. थोडा."

"आणि तू ट्रकमध्ये काय ठेवलंस?"

सोलोंगो त्याच्यापासून दोन पावलं मागे सरली. माणूस चिखलातून पाय काढतो तशी.

हरीण पोत्यांखाली सापडलं. कडेला एक शिंग तुटलं होतं.

७

जिल्ह्याची गाडी दुपारी आली आणि लुंदेगला घेऊन गेली. ओचिरच्या मनगटांवर बेड्यांचे वळ होते. तो कळप सोडायला गेला. सोलोंगोनं सगळ्यांना चहा दिला. तुंगाची वाटी तिनं भरली, पुढे सरकवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही बरेच दिवस नाही.

गुरुजींनी पापुद्रा कड्यापाशी परत आणला. तो पुन्हा बसवता येईल का, असं ओचिरनं विचारलं तर ते म्हणाले, चिकटवता येईल, पण खडक तो स्वतःचा म्हणणार नाही. म्हणून त्यांनी तो जखमेच्या खालीच, कड्याला टेकून उभा केला, हरणाचं तोंड पूर्वीसारखं शिखराकडे येईल असा.

जाताना देलगेर तुंगापाशी थांबली. खिशातला आरूल काढून तिच्या हातावर ठेवला.

"आजोबा येणार नाहीत असं तू सांगितलंस, कारण तुला तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "ते खोटं नव्हतं. मामानं काय केलं, ते त्यानं केलं."

तुंगानं मान हलवली. तिला ते पटलं की नाही, कोणास ठाऊक.

सगळे पांगल्यावर ती गेरमध्ये गेली. आजोबांची लाकडी वाटी दुधानं भरली आणि दोन्ही हातांनी धरून एकटी वाटेला लागली. वळणावर आली. ढग निघून गेला होता; डोंगर पायापासून माथ्यापर्यंत मोकळा होता. तिनं आजोबांसारखं बोटांनी दूध शिंपडलं, थोडं हरणावर, थोडं खडीवर, जिथे आजोबा पडलेले होते. मामाच्या गोळ्या खिशातून काढून तिथेच ठेवल्या. आजोबांनी काय सांगितलं होतं ते तिला पाठ होतं: समोर नाव घेतलं की तो वळून बघतो.

तुंगानं रिकामी वाटी खाली ठेवली, ताठ उभी राहिली आणि डोंगराच्या तोंडावर, मोठ्यानं, त्याचं नाव घेतलं.

"दूल्ग."

मग ती बाजूला सरली, म्हणजे त्याला कडा नीट दिसेल.